आई, त्या सहीबद्दल

आई,

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं आता थांबली आहेत. तुमच्या खाटेवरची गादी ऊन दाखवून गुंडाळून ठेवली. पेपरात कुणीतरी तीन ओळी दिल्या होत्या, 'बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास भोगलेल्या' अशी सुरुवात करून. तुम्ही ती ओळ वाचली असती तर पेपर घडी घालून उशीखाली सरकवला असता आणि मला म्हणाला असता, "मंगल, चहा टाक." असं का, ते घरात मला एकटीला माहीत होतं.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. ते मिटवायला तुम्ही नाही, आणि मनात ठेवून मला स्वयंपाकसुद्धा सुचत नाही. म्हणून लिहितेय.

लग्न होऊन मी बोरिवलीच्या या घरात आले, त्याला आता अठरा वर्षं झाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी श्रीकांतला 'अहो' म्हणून हाक मारली, तर तुम्ही पोळपाटावरून वर न बघता म्हणालात, "बाराव्या दिवशी एवढ्या हौसेनं नाव ठेवलंय त्याचं. वापर की." मी बँकेत नोकरी करणारी मुलगी, माहेरी जरा फटकळ म्हणूनच ओळखली जाणारी. पण सासूनं असं सांगितल्यावर आठवडाभर मला ते नाव तोंडात येईना. तुमची गंमत वाटायची आणि धाकही वाटायचा. महापालिकेच्या शाळेत तुम्ही शिकवत होतात तेव्हाही, आणि नंतर निवृत्त झाल्यावरही, या वाडीतल्या बायका नळाचं पाणी गेलं की आधी तुमच्या दारात यायच्या आणि मग वॉर्डात जायच्या.

चळवळीच्या गोष्टी तुम्ही फार सांगत नव्हतात. एक मात्र सांगायचात, आणि सांगताना हसायचात. कोकणातल्या तुमच्या गावी, तीन वर्षांच्या श्रीकांतला कडेवर घेऊन तुम्ही पत्रकं पोचवायला निघायचात. पत्रकं त्याच्या दुपट्याच्या घडीत. वाटेत पोलीस दिसला की श्रीकांतला हळूच चिमटा काढायचात, तो भोकाड पसरायचा, आणि रडक्या पोराच्या आईला कोण अडवणार? मी पोट धरून हसले होते. श्रीकांत जेवता जेवता एवढंच म्हणाला होता, "माझा तेवढाच उपयोग होता." आणि पान सोडून उठला होता.

तेव्हापासून मी तुम्हा दोघांकडे नीट बघायला लागले. तो तुमची औषधं न चुकता आणायचा. तुमचा चष्मा मोडला तर त्याच दिवशी दुरुस्त करून आणायचा. पण तुमच्यासमोर पाच मिनिटं स्वस्थ बसायचा नाही. मी विचारलं तेव्हा त्यानं एकदाच सांगितलं होतं. "मी लहानपणी टायफॉइडनं मरायला टेकलो होतो. आत्या बसली होती उशाशी. आई तुरुंगात होती. तिला कळवलं होतं, तरी ती आली नाही. शिक्षा पुरी करून आली. मोठी बाई आहे ती, मला अभिमान आहे. पण तिच्याशी काय बोलायचं ते मला कळत नाही."

मी त्याला म्हटलं, तुरुंगातून अशी कशी येणार? तो म्हणाला, "लिहून दिलं की सोडत होते. पुष्कळ जण आले होते तसे."

दोन वर्षांपूर्वी आपल्या गल्लीतल्या मंडळानं पंधरा ऑगस्टला आसपासच्या स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार ठरवला. मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव देऊन आले. रविवारची दुपार होती. आपण दोघी मोड आलेले वाल सोलत बसलो होतो, बिरड्यासाठी. मी मोठ्या कौतुकानं तुम्हाला सांगितलं.

"नाव कुणी दिलं?" तुम्ही विचारलंत.

"मी."

"काढून घे."

"का पण? तुम्ही नेहमी असंच करता. सरकारनं ताम्रपट द्यायला घेतले तेव्हाही अर्जच केला नाहीत. चोरी केली होती का तुम्ही?"

तुमच्या हातातला वाल सालीतून निसटून ताटलीत पडला. तुम्ही म्हणालात, "चोरी नाही. पण शिक्षा दोन वर्षांची होती आणि मी चार महिन्यांत बाहेर आले. माफी लिहून."

मग तुम्ही सगळं सांगितलंत, वाल सोलता सोलता, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगताय.

माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, पत्र आलं होतं तुरुंगात. चारच ओळींचं. श्रीला विषमज्वर झालाय, आज अठरावा दिवस, वैद्य काही सांगत नाहीत. आणि शेवटी दोन शब्द, 'तू ठरव.' तुम्ही म्हणालात, "त्यांनी 'ये' असं लिहिलं असतं, तर मी कदाचित अडूनही बसले असते. त्यांनी माझ्यावर सोडलं, तिथं मी संपले." तुम्ही दिवसभर जेवला नाहीत. संध्याकाळी जेलरकडे गेलात. कागद इंग्रजीत होता. तुम्हाला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. त्यानं तोंडी सांगितलं, पुन्हा चळवळीत पडणार नाही असं लिहिलंय आणि झाल्या गोष्टीची माफी मागितलीय. तुम्ही सही केलीत.

"त्यात अजून काय काय होतं ते मला आजही माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "पुढं मी इंग्रजी शिकले ते त्याच रागानं."

दोन दिवसांचा प्रवास करून तुम्ही घरी पोचलात. ओटीवर आत्याच्या मांडीवर बसून श्रीकांत मऊ भात खात होता. ताप चार दिवसांपूर्वीच उतरला होता. तुम्हाला बघून त्यानं आत्याच्या पदरात तोंड खुपसलं आणि रडायला लागला. त्यानं तुम्हाला ओळखलं नव्हतं.

"म्हणजे मी सही केली तेव्हा तो बरा झालेला होता, मंगल. मी कशासाठी केली सही?"

मी विचारलं, "श्रीकांतला हे माहीत नाही?"

"नाही. तो मोठा होऊन विचारायला लागला तेव्हा अण्णांनी सांगितलं, आई शिक्षा पुरी करून आली. पोराला आईचा अभिमान वाटावा म्हणून. मी गप्प बसले. तेव्हा गप्प बसले, मग ते बोलायचं कधीच जमलं नाही."

मी म्हटलं, त्याला आजच्या आज सांगा. तुम्ही नाही म्हणालात. मी म्हटलं, तुम्ही आलाच नाहीत असं समजून तो आयुष्यभर तुमच्यापासून तोंड फिरवून बसलाय. तुम्ही म्हणालात, "बसू दे. माझ्यासाठी आईनं मान खाली घातली, हे ओझं घेऊन कशाला जगायचं त्यानं?"

आणि मग मी ते बोलले. आई, मी तुमच्या वयाचाही विचार केला नाही. मी म्हटलं, "हे त्याच्यासाठी नाही, तुमच्या मानासाठी आहे. मुलानं कठोर म्हटलेलं तुम्हाला चालतं. कच्ची म्हटलेलं चालणार नाही."

तुम्ही सोललेल्या वालांचं पातेलं उचलून आत गेलात. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी बँकेत निघाले तेव्हा दारापाशी येऊन म्हणालात, "तू म्हणालीस त्यात तथ्य असेल. पण त्याला सांगायचं नाही. मी असताना नाही, नसतानाही नाही." मी चपला घालत होते, उशीर झाला होता. मी मान हलवली.

मंडळाच्या यादीतून तुमचं नाव मी त्याच संध्याकाळी काढून आले.

खरं सांगू, त्यानंतर मला तुम्ही जास्त कळायला लागलात. आरे कॉलनीतल्या पाड्यावर तुम्ही आठवड्यातून दोनदा बसनं जायचात, बायकांना अक्षरं शिकवायला. मला वाटायचं, निवृत्त शिक्षिका, वेळ जात नाही. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यातल्या पाचसहा जणी आल्या होत्या, पिशवीत वालपापडी आणि भोपळा घेऊन. त्यातली एक थोराड बाई मला म्हणाली, "मास्तरीणबाई आम्हाला सांगायच्या, कागद हातात आला की आधी जेवून घे. मग दोनदा वाच. नाही कळलं तर मला विचार. उपाशीपोटी आणि न वाचता सही करायची नाही, कुणी कितीही घाई केली तरी." श्रीकांत बाजूला उभा होता. त्याला ते वाक्य नुसतं शहाणपणाचं वाटलं. मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

इंदूताईंचं नाव मी पहिल्यांदा पेपरात वाचलं. घाटकोपरला स्वातंत्र्यसैनिकांच्या एका कार्यक्रमाची बातमी होती. मी वाचून दाखवली तर तुम्ही म्हणालात, "इंदू? तुरुंगात आमच्या बराकीत होती. एकोणीस वर्षांची पोर." हळूहळू बाहेर आलं की तुम्ही सही करून सामान घ्यायला बराकीत परत गेलात तेव्हा हीच इंदू सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ज्यांना घर सुटत नाही त्यांनी यायचंच कशाला?"

कितीतरी वर्षं तुम्ही दोघी याच मुंबईत होतात. तुम्ही बोरिवलीला, त्या घाटकोपरला.

तुम्हाला तिथं न्यायला मला वर्ष लागलं. मागच्या दिवाळीनंतर एका शनिवारी तुम्ही आपणहून म्हणालात, "चल, जाऊन येऊ." बसमध्ये तुम्ही पुन्हा पुन्हा पदर सारखा करत होतात. इंदूताईंनी दार उघडलं, क्षणभर बघितलं, आणि गावच्या बोलीत म्हणाल्या, "इतकी वर्सां खंय होतंस गो?"

"हंयच होतंय," तुम्ही म्हणालात.

मी तुम्हाला मालवणी बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

चहा झाला, गावच्या चौकशा झाल्या, गुडघेदुखी झाली. मग इंदूताईंनी कप खाली ठेवला. "सुमती, मी तुला वाईट बोलले होते. मला तेव्हा ना मूल ना संसार. मला काय कळत होतं? पुढं माझी मुलगी आजारी पडली, तेव्हा तुझी आठवण यायची. चूक माझी होती."

"चूक नव्हती. तू बोललीस ते बरोबर होतं."

"बरोबर नव्हतं."

"होतं गं. मी शब्द मोडला होता तुमचा सगळ्यांचा."

"माझ्या चुकीवर तरी मला हक्क सांगू देशील की नाही?" इंदूताई म्हणाल्या, आणि त्या खरंच चिडल्या होत्या.

दोन साठी उलटलेल्या बायका तासभर, चूक आपलीच म्हणून भांडत होत्या. मिटलं नाहीच. निघताना त्यांनी तुमच्या हातावर चकल्यांचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "डबा परत द्यायला तरी ये." परतीच्या वाटेवर तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मला वाटलं रडताय. वाकून बघितलं तर तुम्ही चकली खात होतात.

डबा परत द्यायला जायचं राहिलं. फेब्रुवारीत तुम्हाला एकदम धाप लागली आणि सहाव्या दिवशी सगळं संपलं. त्या सहा दिवसांत श्रीकांत रोज ऑफिसातून थेट दवाखान्यात यायचा. मी मुद्दाम तुम्हा दोघांना सोडून बाहेर व्हरांड्यात बसायचे. मला आशा होती की तुम्ही बोलाल. पाचव्या दिवशी न राहवून मी दारातून आत बघितलं. तो तुम्हाला चमच्यानं दूध देत होता. तुम्ही म्हणालात, "साखर जास्त झाली." तो म्हणाला, "उद्या कमी घालून आणतो." याहून जास्त काही मी ऐकलं नाही.

तुमचे दिवस झाले आणि पाहुणे गेले. त्या रविवारी सकाळी तो तुमच्या कपाटातले कागद लावत बसला होता. शाळेचे दाखले, घराचे कागद. तुरुंगाचा एकही नव्हता. तो म्हणाला, "कमाल आहे. दोन वर्षं काढली तिनं तिथं, आणि साधी चिठ्ठी ठेवली नाही."

मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. अण्णांचं पत्र, इंग्रजी कागद, सही, दोन दिवसांचा प्रवास. मी भातापर्यंत आले तेव्हा तो म्हणाला, "मला आठवतं ते. एक काळी बाई दारात उभी होती, डोळे मोठे झालेले. मला भीती वाटली. मला आजपर्यंत वाटायचं की ते तापातलं स्वप्न आहे."

मग त्यानं विचारलं, "मी तिच्यावर रागावलोय हे तिला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी ती बोलली नाही."

"नाही."

तो उठून गॅलरीत गेला. जेवायला आला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "त्या घाटकोपरच्या बाईंकडे मला घेऊन चल."

गेल्या रविवारी आम्ही गेलो. डबा धुऊन बरोबर नेला, त्यात मी बेसनाचे लाडू भरले होते. इंदूताईंना तुम्ही गेल्याचं मी पत्रानं कळवलं होतं. त्यांनी श्रीकांतला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तोच ना, टायफॉइडवाला?" मग त्याचा हात धरून खाली बसवलं. तो त्यांना म्हणाला, "मला फक्त एक सांगा. ती सही करून निघाली तेव्हा कशी होती? रडत होती का?"

"नाही. तुझी आई रडली नाही. माझं बोलणं ऐकून घेतलं, वळकटी उचलली, आणि गेली. बराकीपासून फाटकापर्यंत लांबलचक अंगण होतं. कैद्यानं तिथं धावायचं नाही असा नियम. आम्ही सगळ्या गजांपाशी उभ्या राहून बघत होतो. आधी ती चालली. मग भराभर चालली. मग वळकटी टाकली आणि धावत सुटली. वॉर्डरीण मागून ओरडत होती. पदर पडला तो हातात गोळा केला, पण थांबली नाही. एकदा मागं वळून बघितलं नाही आमच्याकडे. मी म्हटलं, बघा, लाजेनं तोंड दाखवत नाही." इंदूताईंनी श्रीकांतच्या हातावर हात ठेवला. "चाळीस वर्षं मला तसंच वाटत होतं. लाज कसली रे. तिला मागं बघायला वेळ नव्हता."

श्रीकांत म्हणाला, "आई धावली?"

आम्ही दोघांनीही तुम्हाला कधी धावताना बघितलं नाही, आई. स्टॉपवर समोर बस उभी असली तरी तुम्ही आपल्या चालीनं चालायचात आणि सुटली तर सुटली म्हणायचात.

"धावली," इंदूताई म्हणाल्या. "जिवाच्या आकांतानं."

येताना बस आरेच्या झाडीतून चालली होती. तो म्हणाला, "म्हणजे ती आली होती. मीच तोंड फिरवलं."

"तीन वर्षांचा होतास, श्रीकांत."

"पंचेचाळिसाव्या वर्षीही तेच करत होतो."

त्याला काय सांगून समजावू? तुम्ही असतात तर म्हणाला असता, मंगल, म्हणूनच नको म्हणत होते. तुमचं ते बरोबरच होतं. ओझं त्याच्यावर आलंय. तो रात्री नीट झोपत नाही. पण काल संध्याकाळी तो आपल्या मुलीला तुमची दुपट्यातल्या पत्रकांची गोष्ट सांगत होता, चिमट्यासकट, आणि सांगता सांगता हसत होता. या घरात ती गोष्ट त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली.

मी तुमचा शब्द मोडला. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. माफी मागायची आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या सकाळी दारापाशी मी मान हलवली तेव्हा तुम्ही धडधाकट होतात आणि तो आतल्या खोलीत दाढी करत होता. मी चपला काढून आत जाऊन त्याला सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्याशी जन्मभर बोलला नसता. चाललं असतं मला. तुम्हा दोघांना दोन वर्षं मिळाली असती. माझी बस चुकेल म्हणून मी निघून गेले, आई.

तुमची,
मंगल